विमानाने कामावर जाणारे वैमानिक

वैमानिकाचे घर आणि त्याचा तळ एकाच गावी असणार, असे तुम्हांला वाटेल. अमेरिकेत पुष्कळदा तसे नसते. नेमून दिलेल्या तळावर हजर होण्यासाठी तो दुसऱ्याच विमानातून येतो. कधी रिकाम्या आसनावर, कधी चालककक्षातील जादा बैठकीवर. हा प्रवास कामाच्या तासांत धरत नाहीत. शरीर मात्र तो धरते!

जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन हे द्रव्य साचत जाते व झोपेची ओढ वाढते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सलग १७ तास जागलेल्यांचे हात-डोळ्यांचे कौशल्य, रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतके घसरलेले आढळले.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत बफेलोजवळ एक विमान कोसळून ५० जण दगावले. वेग फार घटल्याची सूचना मिळाली, की विमानाचे नाक खाली करायचे असते. म्हणजे पंखांना पुन्हा उचल मिळते. कप्तानाने ते वर खेचले. त्याचे घर फ्लॉरिडात, तळ नेवार्कला. सहवैमानिक तर आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून, खंड ओलांडून, मालवाहू विमानांनी आली होती. अपघातात थकव्याचा वाटा नेमका किती, हे चौकशीत ठरवता आले नाही.

२०१४ पासून तेथे प्रवासी विमानांच्या वैमानिकांना कामापूर्वी १० तासांची विश्रांती सक्तीची झाली. घरापासूनच्या विमानप्रवासावर बंदी आली नाही. आपण कामास योग्य आहोत, असे प्रत्येक उड्डाणापूर्वी वैमानिकाने स्वतः सांगायचे असते.