हाताला गुण, पण हाताचा विटाळ

मराठी माणूस एखाद्या वैद्यावर खूष झाला की म्हणतो, ‘त्याच्या हाताला गुण आहे.’ औषध तेच, काढा तोच. गुण मात्र हाताचा. मग आमचा प्रश्न असा आहे की, ज्या बाईच्या हातावर गावातली निम्मी पोरे जन्माला आली, पोटावरून नुसता तळवा फिरवून जिने बाळ आडवे आहे की डोके खाली आहे हे सांगितले, त्या सुईणीच्या हाताला गुण होता की नव्हता? होता. म्हणून तर तिला मध्यरात्री कंदील घेऊन बोलावणे जायचे. पण बाळंतपण उरकले, नाळ कापून झाली, वार पुरून झाली, की त्याच हाताचा विटाळ! तिने शिवलेले धुऊन घ्यायचे, जागा सारवून घ्यायची आणि तिच्या पदरात पसाभर धान्य वरून टाकायचे. जीव वाचवणारा स्पर्श आणि बाटवणारा स्पर्श, दोन्ही एकाच बाईचे. या देशातल्या हाताच्या वैद्यकाचा इतिहास या एका प्रसंगात सामावलेला आहे.

आज हा विषय काढण्याचे कारण वेगळे आहे. शहरांच्या चौकाचौकांत ‘होलिस्टिक हीलिंग’, ‘वेलनेस’, ‘स्पा’, ‘रेकी’, ‘ॲक्युप्रेशर’ अशा पाट्या लागल्या आहेत. आमचा शिकलेला, नोकरी करणारा वर्गही तिकडे वळू लागला आहे. संगणकापुढे बसून मान आखडते, पाठ धरते, डॉक्टर गोळ्या देतो, गोळी उतरली की दुखणे परत येते. माणूस कंटाळतो आणि पाटी वाचून जिना चढतो. त्याने चढू नये असे आम्ही म्हणत नाही. पण वर काय आहे, ते कुठून आले आणि त्यातले खरे किती, हे त्याला आधी ठाऊक असावे.

हाताने करायच्या या उपचारांचा पसारा मोठा आहे, पण त्यांच्या तीन जाती ओळखता येतात. (‘जात’ हा शब्द इथे आम्ही नाइलाजाने वापरतो!) पहिली जात मांसाला रगडणाऱ्यांची. आपली तेलमालिश, चंपी, तालमीतली रगड, बाळंतिणीचे अंग चोळणे, केरळचे उळिच्चिल, जपानचे अम्मा आणि शियात्सू, थायलंडचे नुआड थाई, ही सारी त्यातली. इंग्रजीतला ‘शाम्पू’ हा शब्द आपल्या ‘चांपो’वरूनच गेला. १७५९ साली जन्मलेल्या आणि बिहारातून विलायतेला गेलेल्या दीन महमद यांनी ब्रायटन गावी मालिशीचे स्नानगृह काढले आणि ते इंग्लंडच्या दोन राजांचे अधिकृत ‘शाम्पूइंग सर्जन’ झाले. आपल्याकडे मात्र मालिशवाला म्हटला की ‘प्यासा’मधला जॉनी वॉकर आठवतो आणि लोक हसतात.

दुसरी जात हाडे-सांधे हलवणाऱ्यांची. आपले हाडवैद्य, आंध्रातले पुत्तूरचे प्रसिद्ध हाडवैद्य आणि अमेरिकेत निघालेले ऑस्टिओपॅथी व कायरोप्रॅक्टिक हे त्यातले. कायरोप्रॅक्टिकची जन्मकथा आमच्या वाचकांनी मुद्दाम वाचावी. १८९५ साली आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर याने एका माणसाचा मणका दाबला आणि त्याचा बहिरेपणा गेला असा दावा केला. तो माणूस होता हार्वे लिलार्ड, त्याच इमारतीत साफसफाई करणारा एक काळा कामगार. पुढे पामरच्या नावाने महाविद्यालय निघाले, घराणे निघाले, धंदा जगभर पसरला. शास्त्रदृष्ट्या तो दावा टिकत नाही, कारण ऐकण्याची नस पाठीच्या कण्यातून जातच नाही. पण नवी विद्या ज्याच्या देहावर आजमावली तो झाडूवाला आणि जिच्यावर नाव लागले तो मालक, ही रीत आम्हांला अगदी ओळखीची वाटते.

तिसरी जात अंगाला हात न लावता, किंवा नुसता ठेवून, ‘ऊर्जा’ सोडणाऱ्यांची. रेकी ही त्यांतली सर्वांत गाजलेली. जपानच्या मिकाओ उसुई यांनी १९२२ च्या सुमारास ती सुरू केली, हवाईच्या हावायो ताकाता यांनी ती अमेरिकेत नेली. ताकाताबाई ‘मास्टर’ करण्यासाठी दहा हजार डॉलर घेत. म्हणजे गुरुदक्षिणेचा प्रश्न तिथेही सुटला नव्हता.

आता मुळाकडे वळू. विनयपिटकातली जीवकाची कथा आमच्या घराघरांत सांगितली गेली पाहिजे. राजगृहाच्या सालवती गणिकेचे मूल, उकिरड्यावर टाकलेले. अभय राजपुत्राने ते उचलले आणि वाढवले. जीवक तक्षशिलेला गेला, सात वर्षे शिकला. गुरूने परीक्षा घेतली: योजनभर परिसर फिरून औषधी नाही अशी एक तरी वनस्पती आण. जीवक रिकाम्या हाताने परतला आणि उत्तीर्ण झाला. तोच पुढे बिंबिसाराचा, तथागतांचा आणि भिक्षुसंघाचा वैद्य झाला. त्याला कोणी कूळ विचारले नाही, गोत्र विचारले नाही. थायलंडची मालिश-परंपरा याच जीवकाला आपला आद्यगुरू मानते. जीवक कधी त्या देशात गेल्याचा पुरावा नाही, ती श्रद्धा आहे. पण एका बौद्ध देशाने आपल्या हाताच्या विद्येचा आद्यगुरू म्हणून उकिरड्यावरचे मूल निवडले, ही गोष्ट लहान नाही. बँकॉकच्या वाट फो विहारात या विद्येचे शिलापट एकोणिसाव्या शतकात कोरून ठेवले गेले, १९५५ साली तिथे शाळा निघाली आणि २०१९ साली युनेस्कोने नुआड थाईला मानवजातीच्या वारशात स्थान दिले.

विनयातच दुसरा प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. त्याच्याकडे कोणी फिरकेना. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले आणि मग संघाला चार शब्द सुनावले. आजाऱ्याच्या घाणीला हात लावणे हे धम्मात कमीपणाचे नाही, हे इथे कृतीने सांगितले आहे.

याच्या शेजारी मनुस्मृती ठेवून पाहा. तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंक्तीतून कोणाकोणाला उठवावे याची यादी आहे, त्यात वैद्य आहे. चौथ्या अध्यायात वैद्याचे अन्न पुवासारखे ठरवले आहे. का? वैद्य कोणालाही हात लावतो, रक्त-पू-मळ हाताळतो, अस्पृश्याचीही नाडी पाहतो. ज्याला रोगी वाचवायचा आहे त्याला सोवळे पाळता येत नाही आणि ज्याला सोवळे पाळायचे आहे त्याला रोगी वाचवता येत नाही. सुश्रुताने प्रेत पाण्यात कुजवून, थर सोलून शरीर शिकावे असे सांगितले होते. ती विद्या या देशातून का गेली, याचा विचार आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी केला आणि मनूच्या शिवाशिवीकडेच बोट दाखवले. पुढे १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी प्रेताला सुरी लावली तेव्हा ते क्रांतिकारक ठरले. ज्या ग्रंथाचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झाले, त्याने माणसांचे नुकसान केले हे आपण जाणतोच. वैद्यकाचेही केले, हे कमी बोलले जाते.

मग हाताचे काम करायचे कोणी? ज्यांना बाटण्यासारखे काही उरलेच नव्हते त्यांनी! उत्तरेत नाळ कापण्याचे काम चर्मकार स्त्रियांकडे. मध्य प्रांतात मातंग स्त्रिया सुईणपण करीत, अशी नोंद रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात आहे. तामिळ देशात न्हावी हाच वैद्य, त्याची बायको सुईण. त्या समाजाचे ‘मरुत्तुवर’ हे नावच वैद्य या अर्थाचे आहे. मलबारात इट्टी अच्युतन हा एळवा वैद्य होता. ज्यांना रस्त्याने अंतर राखून चालावे लागे, त्या समाजातला. डच गव्हर्नर वान ऱ्हेडे याच्या ‘होर्टस मलबारिकस’ या प्रचंड वनस्पतिग्रंथाला वनौषधींचे ज्ञान पुरवणाऱ्यांत तो प्रमुख. १६७८ च्या पहिल्या खंडात त्याचे निवेदन छापलेले आहे. आज केरळच्या तेलमालिशीसाठी परदेशी पाहुणे रांगा लावतात. तिथल्या जाहिरातीत ऋषी असतात, इट्टी अच्युतन नसतो. जातिव्यवस्था ही कामांची नव्हे, काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते. त्यात आम्ही एवढीच भर घालतो की काम खाली राहिले आणि त्याचे श्रेय वर गेले.

पण म्हणून जे आमचे ते सारे चांगले, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणारे दुसऱ्या छावणीत पुष्कळ आहेत. विळ्याने नाळ कापल्यामुळे धनुर्वाताने किती तान्ही मुले गेली असतील! स्वच्छ पाते, आईला टोचलेली लस आणि दवाखान्यातले बाळंतपण यांमुळेच भारत २०१५ साली त्या संकटातून बाहेर पडल्याचे जाहीर झाले. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापल्या विळ्याने चटके देण्याचा ‘डंबा’ हाही पारंपरिक उपचारच आहे आणि तो बंदच झाला पाहिजे. हाडवैद्याने कामट्या करकचून बांधल्या आणि रक्त तुटून हात काळा पडला, अशी माणसे सरकारी दवाखान्यात येतात. मानेला झटका देऊन ‘कट’ आवाज काढणारे हल्ली फार वाढले आहेत. क्वचित का होईना, त्यात मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होतो.

आणि ती ऊर्जा? १९९८ साली अमेरिकेच्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एमिली रोझा या मुलीचा प्रयोग छापून आला. प्रयोग केला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. हात अंगावर न ठेवता ऊर्जा जाणवते असे सांगणारे एकवीस उपचारक तिने घेतले. मध्ये पुठ्ठ्याचा पडदा, पडद्याच्या भोकांतून उपचारकाचे दोन्ही हात बाहेर. एमिली नाणे उडवून एका हातावर आपला हात धरी आणि विचारी, कोणत्या हातावर? २८० वेळा विचारले, बरोबर उत्तरे आली १२३, म्हणजे शेकड्याला ४४. डोळे मिटून अंदाज केला असता तरी पन्नास यायला हवी होती! रेकीची ही सख्खी बहीण. ज्याला शांत पडून राहिल्याने बरे वाटते त्याने जरूर पडून राहावे. पण कर्करोग, मधुमेह, काविळीला ऊर्जा सोडणाऱ्याला पैसे देऊ नयेत. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींना १९५४ चा कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली झालेल्या महाराष्ट्राच्या कायद्यात, साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून रोखणे हा गुन्हा आहे. हे कायदे पुस्तकातून बाहेर काढायला हवेत.

हाताने खरोखर होते ते काय? पुष्कळ होते. कंबरदुखीवर मालिशीने थोड्या दिवसांचा आराम पडतो, एवढे २०१५ च्या कोक्रेन आढाव्यात निघाले; पुरावा कच्चा आहे, हेही त्यातच म्हटले आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली काचपेट्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. त्याला आज ‘कांगारू मदर केअर’ म्हणतात. भारतासह पाच देशांतल्या अभ्यासाने २०२१ मध्ये दाखवले की, जन्मल्याबरोबर असे धरले तर अशा बाळांचे मृत्यू चतुर्थांशाने कमी होतात. कुठले यंत्र नाही, फक्त कातडीला कातडी. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी खेड्यातल्या बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. नवजात मृत्यूंचे प्रमाण अर्ध्याहून खाली आले, ते १९९९ साली ‘लॅन्सेट’ने छापले. म्हणजे खेड्यातल्या बाईच्या हाताला गुण असतो. त्याला शास्त्राची जोड मिळायला हवी.

इथेच आमचे भांडण आहे. २००५ नंतर बाळंतपणे दवाखान्यात गेली, ते उत्तमच झाले. आमच्या लेकीबाळी वाचल्या. पण पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबलेली सुईण कोणत्या खात्यात गेली? तिला ना प्रमाणपत्र, ना निवृत्तिवेतन. तिच्या हातचे जे चांगले होते, बाळंतिणीला धीर देणे, कळा येताना कंबर चोळणे, ते दवाखान्यात कोणी करीत नाही. तिथे बाईच्या अंगावर खेकसतात. आणि तेच कंबर चोळणे शहरात इंग्रजी नाव लावून तासावर विकले जाते. आमच्या वस्त्यांतून सोसायट्यांत बाळ-बाळंतिणीला तेल लावायला जाणाऱ्या बायांना आजही काही घरांत आधी आडनाव विचारतात, मग तेलाची वाटी देतात. सुट्टी नाही, आजारपणाचा पैसा नाही.

तेव्हा ज्यांना मालिश घ्यायची आहे त्यांनी घ्यावी, पण ताप असताना, पोटरी एकीकडेच सुजून गरम झाली असताना, हाड मोडल्याचा संशय असताना, हातापायांना मुंग्या येऊन शक्ती कमी होत असताना आधी डॉक्टर गाठावा. ज्यांची मुले विज्ञान शाखेत आहेत त्यांनी फिजिओथेरपीच्या पदवीचा विचार करावा. हाताची हीच विद्या तिथे शरीरशास्त्रासह शिकवतात, शासकीय महाविद्यालयांत राखीव जागा आहेत आणि २०२१ च्या कायद्याने या व्यवसायाला राष्ट्रीय आयोगाची चौकट मिळाली आहे. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री नानकचंद रत्तू बाबासाहेबांचे दुखरे पाय चेपत होते. त्या पायांची वेदना वाचून ज्याचे डोळे भरतात, त्या घरातल्या मुलाला पाय चेपण्याचे शास्त्र शिकण्यात लाज वाटण्याचे कारण नाही.

विहारांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. आपल्या वस्तीत अजून सत्तरी-ऐंशीतल्या सुईणी आहेत. एखाद्या रविवारी त्यांना विहारात बोलवा, सोबत एखादी परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्ट असू द्या. त्या हाताने काय काय करीत, ते विचारा, लिहून घ्या, आजच्या शास्त्रात त्यातले काय बसते ते तिथेच पडताळा. त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची द्या आणि निघताना पाकिटात रोख मानधन घालून हातात द्या. वरून टाकू नका.