अडकलेली सीट

गेल्या मार्चमधील गोष्ट. शालान्त परीक्षेच्या पहिल्या दिवशीं सकाळीं आमच्या फाटकापाशीं एक मोटरसायकल येऊन थांबली. मागें बसलेल्या विद्यार्थ्याचें प्रवेशपत्र सीटखालच्या खणांत ठेविलेलें होतें. वडिलांनीं किल्ली फिरविली, पण सीट उघडेना. मुलानें दोन्ही हातांनीं ती वर ओढिली, वडिलांनींही जोर लाविला. परंतु जों जों ते ओढीत, तों तों ती अधिकच घट्ट बसे. घंटा होण्यास पंधराच मिनिटें उरलीं होतीं. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलें. इतक्यांत आमचे जुने शिपाईमामा पुढें होऊन म्हणाले, “दादा, ओढूं नका. बाळ, तूं सीट खालीं दाबून धर. आणि दादा, आतां तुम्ही किल्ली फिरवा.” तसें करितांच खट्‌ असा आवाज झाला आणि सीट उघडली.

वर ओढून न उघडणारी वस्तु खालीं दाबल्यानें कशी उघडली, हें समजून घेण्यासारखें आहे. सीटच्या खालच्या अंगास जाड सळईची एक कडी असते, व तिच्यासमोर गाडीच्या चौकटीवर एक आंकडा असतो. ह्यासच मेस्त्री लोक ‘लॅच’ म्हणतात. सीट दाबली म्हणजे कडी आंकड्यांत शिरते आणि स्प्रिंग त्या आंकड्यास जागेवर धरून ठेविते. बहुतेक गाड्यांत किल्ली फिरविली म्हणजे एक बारीक तार आंकड्यास बाजूस ओढिते व कडी मोकळी होते. ही तार एका लवचीक नळींतून गेलेली असते. अर्नेस्ट बॉडन ह्यांच्या १८९६ सालच्या पेटंटावरून प्रसिद्ध झालेली ही केबल सायकलीच्या ब्रेकलाही असते.

आतां अडचण कोठें येते तें पाहूं. सीटखालीं रबराचे लहान ठोकळे असतात. दाबलें गेलेलें रबर सीटला सतत वर लोटीत असतें, त्यामुळें कडी आंकड्यावर घट्ट टेकलेली राहते. त्यांत चिखल, धूळ व गंज ह्यांची भर पडली, कीं आंकडा सरकेनासा होतो. दोन पृष्ठांमधील घर्षण त्यांवरील दाबाच्या प्रमाणांत वाढतें, हा नियम गिलोम आमोंतों ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १६९९ सालीं मांडिला. सीट वर ओढणें म्हणजे तो दाब वाढविणें, आणि खालीं दाबणें म्हणजे तो हलका करणें.

म्हणून पहिला उपाय हाच, कीं एकानें लॅचच्या बरोबर वर सीट दाबावी व दुसऱ्यानें किल्ली फिरवावी. दाब थोडा कमीजास्त करून पाहावा. किल्लीवर मात्र जोर करूं नये, ती मोडल्यास काम दुप्पट होतें. एवढ्यानें न भागल्यास फटींतून लॅचवर गंज सोडविणाऱ्या तेलाचे कांहीं थेंब सोडावे आणि दहा मिनिटें थांबून पुन्हां प्रयत्न करावा. किल्ली अगदीं सैल फिरत असेल, तर तार तुटली किंवा निसटली आहे असें समजावें. अशा वेळीं बाजूचें झाकण काढतां येत असल्यास तारेचें टोक पक्कडीनें हळूच ओढावें. तेंही साधत नसेल, तर सीट उचकटूं नये, मेस्त्रीस बोलवावें.

सीट उघडली म्हणजे काम संपलें असें नव्हे. ती लगेच आपटून लावूं नये. जुनें, मातकट ग्रीस रॉकेलच्या चिंधीनें पुसून नवें लावावें. तारेस थोडें तेल द्यावें. तिचे पदर सुटूं लागले असल्यास ती बदलावी. मग सीट उघडी असतांनाच स्क्रूड्रायव्हरची दांडी कडीसारखी आंकड्यांत दाबून किल्ली फिरवावी. चार वेळां दांडी सुटली, तरच सीट लावावी. ही परीक्षा न घेतल्यामुळें कित्येकजण दुसऱ्याच दिवशीं पुन्हां अडकतात!

आणखी एक सूचना. गाडीचे पाने आणि पक्कड बहुधा सीटखालींच असतात. म्हणजे सीट उघडण्याचीं साधनेंच आंत कोंडलीं जातात. म्हणून एक पक्कड घरीं वेगळी ठेवावी. औषधें, प्रवेशपत्र यांसारख्या वेळेवर हव्या असणाऱ्या वस्तु त्या खणांत ठेवूंच नयेत.

तो विद्यार्थी घंटेपूर्वीं आपल्या जागेवर जाऊन बसला. शिपाईमामांनीं आमोंतोंचें नांव कधीं ऐकिलें नव्हतें. “मामा, हें तुम्हांस कसें सुचलें?” असें आम्हीं विचारिलें, तेव्हां ते म्हणाले, “गोठ्याचा दरवाजा बैल टेकून उभा असला, कीं कडी निघत नाहीं. आधीं बैलाला मागें सारावा लागतो.”