वाघनखं आली, पाटीचं काय?

जुलै 2024 मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात वाघनखं दाखल झाली, तेव्हा बहुतेकांनी त्या घटनेचा अर्थ एका दमात लावून टाकला : इंग्रजांनी लुटून नेलेली महाराजांची वाघनखं परत मिळाली, आणि संग्रहालयांचं निर्वसाहतीकरण म्हणतात ते हेच. प्रत्यक्षात वाघनखं परत मिळालेली नाहीत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने ती करार करून तीन वर्षांसाठी उसनी दिली आहेत, मालकी त्यांचीच आहे. ती लुटून नेल्याचा पुरावा नाही. ती महाराजांचीच, हेही सिद्ध झालेलं नाही, आणि हे खुद्द ते संग्रहालयच सांगतं. राहिला निर्वसाहतीकरणाचा मुद्दा. वस्तू विमानात बसून आली की ते काम झालं, हा यातला सगळ्यात खोल रुतलेला गैरसमज. वस्तू कुठे ठेवली आहे यापेक्षा तिच्याबद्दल कोण बोलतं, कशाच्या आधारावर बोलतं आणि काय झाकून ठेवतं, यावर ते काम अधिक अवलंबून असतं.

वाघनखांबरोबरच्या पेटीवर एक इंग्रजी मजकूर आहे. शिवाजीने ज्याने मोगल सेनापतीला मारलं ते हे हत्यार, साताऱ्याचा रेसिडेंट असताना जेम्स ग्रँट डफ याला मराठ्यांच्या पेशव्याच्या प्रधानाकडून ते मिळालं, असा त्याचा आशय. शाळकरी पोरालाही खटकाव्यात अशा चुका त्यात आहेत. अफजलखान मोगलांचा नव्हे, विजापूरच्या आदिलशहाचा सरदार. आणि पेशवा हाच मुळात छत्रपतींचा प्रधान. ग्रँट डफ साताऱ्याला आला 1818 साली, अफजलखानाचा वध झाला 1659 साली. मधल्या जवळजवळ 160 वर्षांत हे हत्यार कुणाकडे होतं, याची साखळी जुळत नाही. डफच्या वंशजांकडून ते संग्रहालयाकडे आलं. दुसऱ्या बाजीरावाने शरणागतीनंतर ते डफला दिलं असण्याची शक्यता संग्रहालय वर्तवतं, पण शिवाजी महाराजांनी वापरलेली वाघनखं हीच, याची खातरजमा करता आलेली नाही असंही स्पष्ट लिहितं. कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी नेमका हाच आक्षेप घेतला, तर त्यांच्यावरच टीका झाली. गंमत अशी, की कंपनी सरकारच्या एका अधिकाऱ्याच्या पेटीवरचा चुकीचा मजकूर आपण शिरोधार्य मानला आणि त्याच्या जोरावर वसाहतवादातून मुक्त झाल्याचा सोहळा साजरा केला.

‘परदेशात आहे ते सगळं लुटीचं’ हा समज जितका ढोबळ, तितकाच ‘पुष्कळसं आपल्याच राजांनी भेट दिलेलं आहे’ हा त्यावरचा उताराही. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या संग्रहातली जगदंबा तलवार ब्रिटिश राजघराण्याकडे गेली, ती 1875-76 च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला दिलेली भेट म्हणून. कागदोपत्री ती भेटच. पण देणारे चौथे शिवाजी महाराज तेव्हा अल्पवयीन होते आणि संस्थानाच्या नाड्या इंग्रजांच्या हातात होत्या. कोहिनूरचंही तसंच. 1849 च्या लाहोरच्या तहाने तो व्हिक्टोरिया राणीकडे गेला, तेव्हा महाराजा दुलीपसिंग दहा वर्षांचा होता. तरी 2016 साली आपल्याच सॉलिसिटर जनरलनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की हा हिरा चोरीला गेलेला नाही की जबरदस्तीने नेलेला नाही. त्यावर गदारोळ झाल्यावर सरकारला सारवासारव करावी लागली. उलट 2023 मध्ये टॉवर ऑफ लंडनच्या नव्या मांडणीत कोहिनूरचा उल्लेख विजयाचं चिन्ह असा झाला. हिरा जागचा हलला नाही, पण ज्यांच्या ताब्यात तो आहे त्यांना तो कसा आला हे सांगणं भाग पडलं. ‘लूट’ आणि ‘भेट’ या दोनच खणांत सगळा इतिहास कोंबायला गेलं, की अल्पवयीन राजा, शेजारी बसलेला रेसिडेंट आणि सहीसाठी पुढे केलेला कागद हे सगळं खणाबाहेर राहतं. पाटीवर यायला हवं ते नेमकं तेच.

इथे एक वजनदार आक्षेप आहे. पाट्या बदलणं ही परत न करण्याची पळवाट आहे, शब्दांनी सांत्वन करायचं आणि माल ठेवून घ्यायचा, असं अनेक जण म्हणतात. त्यात तथ्य आहे. ब्रिटनचा 1963 चा ब्रिटिश म्युझियम कायदा आणि 1983 चा नॅशनल हेरिटेज कायदा यांनी तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयांचे हात बांधलेले आहेत, आणि त्या बांधलेल्या हातांची ढाल करणंही त्यांना सोयीचं जातं. घानातल्या असांते राजघराण्याचं ब्रिटनने नेलेलं सोनं 2024 मध्ये कुमासीच्या राजवाड्यातल्या संग्रहालयात आलं तेही उसनं. ज्यांच्याकडून नेलं त्यांनाच उसनं द्यायचं, हा प्रकार कुणालाही विचित्र वाटेल. पण हे कायदे सगळ्यांना लागू नाहीत. लंडनच्या हॉर्निमन म्युझियमने 2022 मध्ये बेनिनच्या 72 वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ग्लासगोच्या संग्रहालयांनी सात वस्तू भारताला परत करण्याच्या करारावर सही केली. त्यांतल्या सहा एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतातल्या देवळांमधून चोरलेल्या होत्या. ही चोरी मान्य करता आली, कारण कुठली वस्तू कुणाच्या हातून कशी आली हे आधी शोधलं गेलं आणि उघडपणे सांगितलं गेलं. म्हणजे खरं सांगणं हा परतीला पर्याय नव्हे, बहुतेक वेळा परतीचा तो पाया असतो. वाघनखांबाबत हा पायाच कच्चा होता, आणि तो तसाच ठेवून आपण कळस चढवला.

दुसरा आक्षेप उलट्या दिशेने येतो : जुनी पाटी बदलणं म्हणजे इतिहास पुसणं. ब्रिटिश म्युझियमने 2020 मध्ये आपला आद्य संग्राहक हान्स स्लोन याचा अर्धपुतळा चौथऱ्यावरून काढून काचेच्या कपाटात ठेवला आणि गुलामांच्या श्रमावर चाललेल्या मळ्यांशी त्याच्या संपत्तीचा असलेला संबंध शेजारी लिहिला. यात पुसलं काय गेलं? पुतळा त्याच दालनात आहे, आधी न सांगितलेली माहिती तेवढी वाढली. जुनी पाटी तटस्थ होती असं वाटतं, ते ती सवयीची झालेली असते म्हणून. जगभरच्या संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 2022 मध्ये प्रागला संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. तिच्यात वस्तू जमवणं आणि जपणं यांच्या जोडीला नैतिकतेने आणि समाजाच्या सहभागाने संवाद साधणं आलं, ते उगाच नाही.

आणि शेवटचा समज, आपल्याला सगळ्यात गोड वाटणारा : स्वतंत्र देशातली संग्रहालयं आपोआप मुक्त झाली. मुंबईचं राणीच्या बागेतलं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम 1975 मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाचं झालं, प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम 1998 मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय झालं. नावं बदलली ते योग्यच झालं. पण भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या जाती-जमातींचे पोशाख आणि धंदे दाखवणाऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती पाहा. मुंबईच्या माणसांचे नमुने करून कपाटात लावायची ती साहेबाची दृष्टी आहे. कुठल्याच मूर्तीला स्वतःचं नाव नाही. जीर्णोद्धारानंतर या संग्रहालयाने समकालीन चित्रकारांना बोलावून जुन्या संग्रहाशी बोलायला लावलं, हे त्यावरचं एक शहाणं उत्तर आहे. वाघनखांबाबतही तसं शहाणं उत्तर देता येईल. त्यांच्याबद्दलची शंका सांगितली तर लोकांच्या भावना दुखावतील, ही भीती मला प्रेक्षकाचा अपमान वाटते. ‘ही महाराजांची असल्याचं डफ कुटुंबाची आख्यायिका सांगते, पुरावा मिळालेला नाही’ हे एक मराठी वाक्य वाचून प्रतापगडाचा पराक्रम तसूभरही कमी होत नाही.

जुन्या गोव्यातल्या पुरातत्त्व संग्रहालयात पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांच्या चित्रांचं दालन आहे. ही चित्रमालिका तेव्हाचा गव्हर्नर जुआंव द कास्त्रु याने 1547 मध्ये सुरू केली. काम गास्पार कोरैया याने केलं, आणि त्याच्या मदतीला एक स्थानिक चित्रकार होता. कोरैयाचं नाव उरलं, गोवेकराचं नाही. त्या भिंतीवर फक्त कोण कधी राज्यावर होता एवढंच लिहायचं, की ज्याने ते चेहरे रंगवले त्या निनावी हाताचीही नोंद करायची, हे ठरवायला लिस्बनची परवानगी लागत नाही.