राहून गेलेले रडू

श्रावण लागला की खारदांड्याच्या किनाऱ्यावर लगबग वाढते. होड्यांना रंग लागतो, जाळी दुरुस्त होतात आणि नारळी पौर्णिमेला सोनेरी नारळ वाजतगाजत दर्याला वाहिला जातो. याच दिवसांत अशा वस्तीतली एखादी चोविशीची मुलगी दवाखान्यात येते. छातीवर दडपण, धाप, रात्री दोन-तीनला जाग, कशातच मन नाही. ईसीजी व्यवस्थित, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही ठीक. 'टेन्शन घेऊ नका' एवढे ऐकून ती घरी जाते आणि पुढच्या श्रावणात पुन्हा येते. कधीतरी तिला विचारले जाते, "हा त्रास दरवर्षी याच दिवसांत होतो का? लहानपणी घरातले कोणी गेले होते का?" ती बराच वेळ गप्प बसते. ती सात वर्षांची असताना वडील होडीवर गेले, ते परत आलेच नाहीत.

हे उदाहरण कोणा एका मुलीचे नाही, प्रातिनिधिक आहे. पण किनाऱ्यावर अशी घरे आहेत. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आले, तेव्हा समुद्रात असलेले अनेक मच्छीमार घरी परतले नाहीत. त्या वेळी शाळेत जाणारी मुले आता विशी-तिशीत आहेत.

मूल विसरत नाही, गप्प बसते

मेलेला माणूस परत येत नाही, हे मुलाला साधारण पाचव्या ते सातव्या वर्षाच्या दरम्यान कळू लागते. मात्र त्याचे दुःख मोठ्यांसारखे सलग नसते. ते दहा मिनिटे रडते आणि लगेच खेळायला पळते. मोठ्यांना वाटते, बरे झाले, विसरले. घरात आई कोलमडलेली असेल तर मूल तिला आणखी त्रास नको म्हणून विचारणेच बंद करते. 'बाबा लांबच्या बोटीवर गेलाय' अशी समजूत घातली असेल तर ते वर्षानुवर्षे वाटही पाहते.

त्यात या वयाची मुले घडलेल्या गोष्टींचा दोष सहज स्वतःकडे घेतात. आदल्या दिवशी रागाने 'जा, तू येऊच नको' म्हटले असेल, तर वडील त्यामुळेच आले नाहीत, असे मुलाला खरेच वाटू शकते. ही गोष्ट ते कोणालाही सांगत नाही. पुढे ते दुःख पोटदुखी, डोकेदुखी, धडधड, चिडचिड अशा वाटांनी बाहेर पडते, बहुधा त्या माणसाची आठवण करून देणाऱ्या सणाला किंवा तारखेला.

मृतदेहच मिळाला नाही तर गाठ अधिक घट्ट होते. अमेरिकेतील कुटुंबतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी १९७०च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि या अवस्थेला 'संदिग्ध वियोग' म्हटले. माणूस गेला म्हणावे तर पुरावा नाही, आहे म्हणावे तर तो नाही. सात वर्षे ठावठिकाणा न लागलेली व्यक्ती कायद्याने मृत मानता येते. मनाला अशी मुदत नसते.

रेणुकेची कथा काय करते?

कार्ल्याची एकवीरा आई हे कोळी समाजाचे दैवत. अनेक भाविक तिला रेणुकेचे रूप मानतात. जमदग्नींच्या आज्ञेवरून परशुरामाने आई रेणुकेचा शिरच्छेद केला. वडिलांनी वर मागायला सांगितले, तेव्हा त्याने दोन गोष्टी मागितल्या: आई जिवंत व्हावी आणि झालेले तिला काही आठवू नये. समुद्र मागे हटवून कोकणची भूमी मिळवणारा परशुराम तो हाच.

आजीकडून लहानपणी ऐकलेली ही कथा समुपदेशनात उपयोगी पडू शकते. 'तुला काय वाटले?' या प्रश्नाला उत्तर न देणारी मुलगी 'परशुरामाला काय वाटले असेल?' यावर बोलते. अपराधीपणा, गेलेले माणूस परत मिळावे ही इच्छा, सगळे पुसून टाकण्याची घाई, हे सारे कथेत आहे. कथेतली आई उठून बसते, आपले माणूस येत नाही, हा फरक तिचा तिलाच उच्चारता येतो. तिथून पुढे स्वतःविषयी बोलणे सोपे जाते. मात्र 'दर्या कोपला' किंवा 'देवीचे काही राहिले असेल' अशी कथा मुलाच्या माथी मारली, तर अपराधीपणा वाढतो.

दर्याशी पुन्हा ओळख

निसर्गाचा आधार मिळतो, हे खरे आहे. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. पण तो अभ्यास शोकाचा नव्हता. वडील समुद्रात गेलेल्या मुलीसाठी समुद्र हीच जखम असते. तिला 'किनाऱ्यावर जाऊन बस, बरे वाटेल' म्हणणे पुरेसे नाही. आधी लांबून, सोबत कोणी असताना, भरती नसताना आणि थोडाच वेळ, अशा पायऱ्यांनी जावे लागते. शेवटी एखाद्या नारळी पौर्णिमेला तिने वडिलांच्या नावाने नारळ वाहिला, तर देहाविना राहून गेलेला निरोप देता येतो.

उपचार कधी?

मृत्यूनंतर किमान सहा महिने उलटूनही शोक तितकाच तीव्र राहिला आणि रोजचे जगणे अडू लागले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात त्याला 'प्रदीर्घ शोकविकार' म्हटले आहे. डॉ. कॅथरीन शिअर यांच्या २००५ च्या अभ्यासात शोकासाठी खास आखलेल्या संवादोपचाराने ५१ टक्के रुग्ण सुधारले, तर दुसऱ्या प्रचलित संवादोपचाराने २८ टक्के. त्यात मृत्यूची हकीकत पुन्हा पुन्हा, सुरक्षितपणे सांगायला शिकवतात. सोबत नैराश्य असेल तर औषधांचा उपयोग होतो, नुसत्या शोकावर गोळी नाही. अर्थात छातीत दुखत असेल तर आधी हृदयाची तपासणी हवीच.

कूपर, नायर, केईएम या पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. जगणे नकोसे वाटत असेल तर थांबू नये, लगेच फोन करावा.

घरात मृत्यू झाला, तर मुलाला त्याच दिवशी, साध्या शब्दांत खरे सांगावे: 'बाबा वारले. ते परत येणार नाहीत. यात तुझी काही चूक नाही.' माणूस बेपत्ता असेल तर तेही तसेच सांगावे: 'शोध चालू आहे, अजून सापडले नाहीत. कळले की तुला सांगू.' मूल तोच प्रश्न दहा वेळा विचारेल. दहाही वेळा उत्तर द्यावे.