गल्ल्यावर बसणारा नवा सहायक

किराणा दुकानातल्या बिलिंग मशीनमध्ये मालकाला हवी ती बहुतेक उत्तरं आधीच साठलेली असतात; अडतं ते विचारण्यापाशी. गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात बारीक रवा किती गेला, हे पाहायला चार रिपोर्ट उघडावे लागतात. एआय सहायक जोडला की तोच प्रश्न सरळ मराठीत विचारता येतो. नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने खुली केलेली ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही पद्धत अशाच जोडणीसाठी आहे. सहायकाने काय पाहावं, काय करावं, हे जोडणारा ठरवू शकतो.

माझ्या मते सुरुवातीला परवानगी फक्त माहिती वाचण्याची द्यावी, बदलण्याची नको. सहायकामागचं भाषेचं मॉडेल कधी चुकीची बेरीजही ठामपणे सांगतं; म्हणून बेरीज बिलिंगच्या डेटाबेसनेच करावी, सहायकाने प्रश्न पोचवावा आणि उत्तर सांगावं. मग उपयोग काय, असं कोणी म्हणेल. पण दुकानदाराचा वेळ जातो तो शोधण्यातच. भाव बदलायला कितीसा वेळ लागतो? शिवाय उत्तर चुकलं तर रिपोर्ट काढून पडताळता येतं. चुकून बदललेला जीएसटीचा दर मात्र कळेपर्यंत पन्नास बिलांवर छापून गिऱ्हाइकांच्या हाती गेलेला असतो. गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर तर या जोडणीत नकोतच. रव्याचा हिशेब त्यांच्यावाचून अडत नाही.