मस्कतच्या सुलतानांना मिळालेला डॉलर

जुने नाणे हातात आले की आपण आधी त्यावरचे साल वाचतो आणि ते खरे मानतो. आम्हीही वर्गात नाणे हे इतिहासाचे पक्के साधन म्हणूनच शिकवतो. पण नाण्यावरचे सालही फसवू शकते. १८०४ साल असलेले अमेरिकेचे चांदीचे डॉलर आज जगात मोजकेच माहीत आहेत. त्यांतला एकही १८०४ मध्ये पाडलेला नाही!

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १७९४ पासून चांदीचे डॉलर पडू लागले. १८०४ च्या दप्तरात १९,५७० डॉलरांची नोंद आहे. पण ते जुन्या सालाच्या ठशांनी पाडलेले होते. चांगला पोलादी ठसा साल बदलले म्हणून टाकून देत नसत. त्यानंतर डॉलर पाडणे थांबले. १८३४ मध्ये मस्कतचे सुलतान सय्यद सईद आणि सयामचे राजे यांना नाण्यांचे संच भेट देण्याचे ठरले. संचात डॉलर हवाच, म्हणून १८०४ सालाचे नवे ठसे बनवले गेले. १८३५ मध्ये दूत एडमंड रॉबर्ट्स यांनी तो संच मस्कतला पोचवला.

इथवर लबाडी नव्हती. पुढे १८५८ च्या सुमारास मात्र टांकसाळीतल्याच काहींनी संग्राहकांची हौस ओळखून गुपचूप आणखी डॉलर पाडले. त्यांना उघडे पाडले ठशानेच. त्या काळी ठशावर एकेक अक्षर वेगळे ठोकत, त्यामुळे दोन ठसे हुबेहूब सारखे होत नसत. या नव्या डॉलरांची मागची बाजू निराळ्या ठशाची. ढगांवरची अक्षरे जागा बदलून बसलेली! भेटीच्या डॉलरांचा खरा काळही असाच कळला. त्यांची मणीदार, उंच किनार १८०४ च्या तंत्राची नव्हतीच. न्यूमन आणि ब्रेसेट यांनी १९६२ मध्ये या साऱ्याची उकल पुस्तकात मांडली. मस्कतचा मानला जाणारा डॉलर १९९९ मध्ये ४१ लाख डॉलरांहून जास्त किमतीला विकला गेला.

आपल्याकडचे उदाहरण हवे? राणी व्हिक्टोरियाच्या रुपयांवर १८६२ हे साल पुढेही कित्येक वर्षे तसेच राहिले. मुंबई टांकसाळीच्या अशा रुपयांवर बारीक ठिपके दिसतात. खरे वर्ष त्यांवरून ओळखतात. आजीच्या पेटीत असा रुपया असेल तर चिंच लावून घासू नका. घासल्याने ठशाच्या बारीक खुणा झिजतात आणि नाण्याची किंमतही उतरते. मुलांच्या हाती भिंग द्या आणि ठिपके मोजायला सांगा. साल वाचून थांबू नये, पुरावाही तपासावा, हा धडा त्यांना आमच्या फळ्यापेक्षा तो रुपयाच नीट शिकवील.