प्रवाळ टाकीत चुन्याची निवळी: पंप, बाष्पीभवन आणि ऋतू

वाराणसी समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तिथे प्रवाळांची टाकी ठेवायची, तर समुद्र जे आपोआप पुरवतो ते आपल्याला रोज पुरवावे लागते. प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा बांधतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. अल्कता, म्हणजे आम्ल उदासीन करण्याची क्षमता, मात्र सुमारे २.३ मिलिइक्विव्हॅलंट एवढीच असते. म्हणून बंद टाकीत अल्कता आधी संपते.

निवळी काय करते?

चुन्याची निवळी म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे संपृक्त द्रावण. फुंकर मारल्यावर दुधी होणारी प्रयोगशाळेतली निवळी ती हीच. टाकीतील पाण्यात हायड्रॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन बायकार्बोनेट तयार होते. त्यामुळे सांगाड्याला ज्या प्रमाणात कॅल्शियम आणि अल्कता लागते, त्याच प्रमाणात दोन्ही मिळतात. पीटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत मत्स्यालयांत रूढ केली.

विड्याचा चुना रासायनिकदृष्ट्या हाच पदार्थ असला, तरी त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. टाकीसाठी शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडच घ्यावे. ते आरओच्या पाण्यात विरघळवावे. जड पाण्यातील बायकार्बोनेटशी संयोग होऊन चुना साक्याच्या रूपाने तळाशी बसतो.

पंप कशासाठी?

निवळीचा सामू सुमारे १२.४ असतो, तर समुद्राच्या पाण्याचा सुमारे ८.१. समजा, २०० लिटरच्या टाकीत अडीच लिटर निवळी एकदम ओतली, तर सामू अर्ध्या एककाहून अधिक वाढतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा साका पडू लागतो. तीच निवळी पेरिस्टाल्टिक पंपाने २४ तासांत सोडली, तर मिनिटाला जेमतेम पावणेदोन मिलिलिटर पडते. नळीचे टोक जोरदार प्रवाहाच्या जागी ठेवावे. पंपाने वरचे स्वच्छ द्रावण ओढावे, तळाचा गाळ नव्हे. डबा झाकलेला असावा, नाहीतर हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे साय धरते आणि निवळीचा जोर कमी होतो. डबा लहानच ठेवावा, म्हणजे पंप अडकून चालूच राहिला तरी सारी टाकी दगावणार नाही.

मात्रेची मर्यादा

२५ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात चुना सुमारे दीड ग्रॅमच विरघळतो, आणि तापमान वाढले की विद्राव्यता घटते. म्हणजे एक लिटर निवळीतून सुमारे ४० मिलिइक्विव्हॅलंट अल्कता मिळते. जास्त चुना घालून निवळी अधिक तीव्र होत नाही. शिवाय जेवढे पाणी उडून जाते तेवढीच निवळी घालता येते. त्याहून अधिक घातली, तर टाकीची क्षारता उतरते.

उदाहरण

समजा, २०० लिटरच्या टाकीत रोज लिटरमागे ०.५ मिलिइक्विव्हॅलंट अल्कता खर्च होते. एकूण गरज १००, म्हणजे अडीच लिटर निवळीची. मे महिन्यात लू वाहते तेव्हा रोज तीन लिटर पाणी उडते असे धरू. मग अडीच लिटर निवळी आणि अर्धा लिटर साधे शुद्ध पाणी घालून हिशेब जुळतो. ऑगस्टच्या दमट हवेत दीडच लिटर उडाले, तर निवळीतून ६० मिळतात आणि रोज ४० ची तूट राहते. म्हणजे लिटरमागे ०.२. या वेगाने दहा दिवसांत २ मिलिइक्विव्हॅलंट घट होईल, जवळजवळ सगळा साठा. प्रत्यक्षात त्याआधीच प्रवाळांची वाढ खुंटते.

म्हणून पावसाळ्यात उरलेली तूट खाण्याचा सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड यांच्या दोन वेगळ्या द्रावणांनी भरावी. ती एकत्र मिसळू नयेत, कारण लगेच साका होतो. पंपाचा वेग एकदा ठरवून वर्षभर तसाच ठेवता येत नाही. अल्कता मोजत राहावी आणि तिच्यानुसार वेग बदलावा.

स्वाध्याय: १५० लिटरच्या टाकीत रोज लिटरमागे ०.४ मिलिइक्विव्हॅलंट अल्कता खर्च होते आणि १.२ लिटर पाणी उडते. केवळ निवळी पुरेल का? तूट असल्यास किती?